लोहाऱ्याच्या टाकीतलं बी

आधीच सांगते, मी हवापालटाला गेले नव्हते. भांडायला गेले होते.

माझी चिपळूणला लहानशी बेकरी आहे. ज्यांना गहू चालत नाही अशा माणसांसाठी मी तांदळाचा आणि नाचणीचा पाव करते. गव्हाच्या पिठात अंगचाच चिकटपणा असतो, तांदळात तो औषधालाही नाही. त्यामुळे पाव भट्टीत ऐटीत फुगतो आणि बाहेर काढला की मटकन खाली बसतो. त्याला धरून ठेवायला चिमूटभर झँथन गम लागतो. हा झाडाचा डिंक नव्हे. एक जिवाणू असतो, त्याला गोड पाणी पाजायचं, ढवळत राहायचं, भरपूर हवा द्यायची, की तो आपल्याभोवती चिकट पदार्थ तयार करतो. तो वेगळा काढून, वाळवून दळला की पांढरट पूड मिळते. सॉसमधून, आइस्क्रीममधून तुम्ही ती कित्येकदा खाल्लेली आहे, फक्त पाकिटामागचं बारीक अक्षर वाचलेलं नाही.

मी परदेशी डबा वापरायचे. मग कळलं की धाराशिव जिल्ह्यात लोहाऱ्याला वैशाली नावाची एक बाई साखर कारखान्याची मळी आणि डाळमिलमध्ये उरणारी तुरीची चुनी, म्हणजे कणी-टरफलं, वापरून हाच गम करते. म्हणजे एरवी गुरांपुढे जाणारा नाहीतर कुठेतरी पडून राहणारा माल. मागवला. पहिल्या पाकिटाचा पाव असा उभा राहिला की मी कामाच्या बायकांना हाका मारून दाखवला. दुसऱ्या पाकिटाचा जरा बसला. तिसऱ्याचा तर पाव नव्हताच, थापलेली गोवरी होती. फोन करून तिला चांगलं फैलावर घेतलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, तुमचं खरंय. पण कुठं चुकतंय तेच कळंना झालंय. तुम्ही येऊन बघता का?"

असं कोणी म्हटलं की रागावायचं तरी कसं? तरीही मी राग नीट घडी घालून बॅगेत भरला, आणि पुराव्यादाखल दोन बसलेले पाव. दोन दिवसांत परत येते असं घरी सांगितलं. आले दहा दिवसांनी.

लोहारा, शुक्रवार

चिपळूण ते सोलापूर कसं झालं ते सांगत नाही, ते माझी कंबर जाणे. नळदुर्गहून पुढे जीप मिळाली. ती भरली असं मला वाटलं तेव्हा ड्रायव्हरला ती अर्धीच वाटत होती. "मावशी, जरा सरका की," असं तो इतक्या गोडीनं म्हणायचा की मी सरकत सरकत शेवटी दाराला चिकटले. शेजारी एक दणकट पाटील येऊन बसले ते थेट माझ्या बॅगेवर. मी म्हटलं, अहो, आत पाव आहेत! बिचारे घाबरून उठले, चारदा माफी मागितली. मी उघडून पाहिलं, तर आधीच बसलेल्या पावावर माणूस बसल्यानं काही फरक पडला नव्हता.

डिसेंबर होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळं रान आणि त्यात कमरेएवढी हिरवीगार ज्वारी, मध्येच हरभरा, कुठे करडई. नजर अडवायला काही नाही. आमच्याकडे कोकणात नजर दहा पावलांवर कुठल्यातरी फणसाला आपटून परत येते. इथे ती गेली की गेली. मला पहिल्यांदा थोडं भोवंडल्यासारखं झालं, मग आवडायला लागलं.

वैशाली स्कूटीवर न्यायला आली. पस्तिशीची असेल, मायक्रोबायोलॉजी शिकलेली, बोलणं मोजकं. माझ्या रागाची घडी मोडायला तिला फार वेळ लागला नाही. घरात शिरताच तिच्या सासूबाई समोर आल्या. वैशाली त्यांना आत्या म्हणते, सगळी गल्ली आत्याबाई म्हणते, म्हणून मीही तेच म्हणायला लागले. साठी उलटलेली, हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि नजर अशी की आपण हात धुतलेत की नाही ते दारातच ओळखणारी. "एवढ्या लांबून आलात, बसा," म्हणाल्या आणि चहा आला. आमच्याकडे आधी विचारतात, चहा घेणार का? पाहुण्यानं नको म्हणायचं असतं, मग थोडा घ्या म्हणायचं असतं. इथे ही वाटाघाटच नाही. चहा येतो, आणि त्यात साखर इतकी की चमचा उभा राहावा.

टाकी बघायची मला घाई होती. घरामागे म्हशींचा गोठा होता, त्याचाच कारखाना केलेला. आत पांढऱ्या फरशा, जाळीची दारं, दवाखान्यासारखी स्वच्छता. आत्याबाईंनी मला कोपरापर्यंत हात धुवायला लावले, बांगड्या काढायला लावल्या, डोक्याला टोपी घातली. मी म्हटलं, मी बेकरीवाली आहे, मला स्वच्छता कळते. त्या म्हणाल्या, "कळत आसंल. धुवा." माझ्या दुकानात मी गिऱ्हाइकाला असंच बोलते, त्यामुळे मला राग येण्याऐवजी हसू आलं.

मधोमध माझ्या उंचीची स्टीलची टाकी. डोक्यावर ढवळण्याची मोटर, बाजूला हवा भरणारा कॉम्प्रेसर. मळी पातळ करून, गाळून, चुनीच्या पाण्यात मिसळून आत भरतात, वाफेनं उकळून निर्जंतुक करतात, निवली की त्यात जिवाणू सोडतात. तीन दिवसांनी ती काकवीसारखी घट्ट झाली पाहिजे. मग अल्कोहोलमध्ये ओतली की गमाचे दोरे बाहेर येतात. गल्लीत सुरुवातीला बोभाटा झाला होता की मागच्या गोठ्यात दारू गाळतात. आत्याबाईंनी अख्ख्या गल्लीला आत बोलावून दाखवलं आणि प्रत्येकाला कोपरापर्यंत हात धुवायला लावले. पुन्हा कोणी चौकशीला आलं नाही.

शनिवार

सकाळी टाकी उघडायची होती. वैशालीनं खालचा नळ फिरवला आणि भांड्यात पाण्यासारखी धार पडली. पिवळट, पातळ, फेसाळ. तिनं नळ बंद केला, भांडं खाली ठेवलं, आणि तिथेच फरशीवर बसली.

मग तिनं सांगितलं. अशी ही तिसरी टाकी. पाणी तपासलं, मळी बदलली, हवेची गाळणी नवी बसवली, दर तासाला तापमान लिहिलं. दर वेळी आधीपेक्षा थोडं पातळ. तिच्या जुन्या शाळेत विज्ञान शिकवायची जागा आहे, हेडमास्तरांना महिनाअखेर होकार द्यायचाय. "अजून एक टाकी लावणार. ती जमली तर हे चालू. नाही जमली तर टाकी विकायची आणि गोठा म्हशींना परत." हे ती हसून म्हणाली, पण ते हसणं काही खरं नव्हतं. मला वाटलं, मी हिला फोनवर काय काय बोलले! माझंच तोंड मला नकोसं झालं.

संध्याकाळी आत्याबाई दुधाला विरजण लावत होत्या, मी उंबऱ्याशी बसले होते. गप्पा विरजणावरच निघाल्या. मी म्हटलं, आमच्याकडे दिवेलागणीनंतर विरजण बाहेर देत नाहीत. त्या म्हणाल्या, इकडेही देत नाहीत, आणि घरातलं विरजण मोडूही देत नाहीत. त्यांच्या सासूच्या हातचं अजून चालू आहे, दुष्काळातही मोडलं नाही. मग आवाज खाली आणून, अभिमानानं म्हणाल्या, "टाकीचं बी म्या मोडू दिलं न्हाय. पयल्या दिसापासनं येकच हाय."

मला ते फार आवडलं. आणि आवडलेली गोष्ट माझ्या पोटात राहत नाही, ही माझी जन्माची खोड. जेवायला बसलो. ताटात ज्वारीची भाकरी, आमच्या तांदळाच्या भाकरीपेक्षा दीडपट मोठी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी. आत्याबाई आत भाकरी थापत होत्या. मी वैशालीला कौतुकानं म्हटलं, तुमच्या आत्याबाई थोर आहेत हो, टाकीचं विरजण पहिल्या दिवसापासून सांभाळलंय त्यांनी!

वैशालीचा घास हातातच राहिला.

"काय सांभाळलंय?" तिनं हळू विचारलं. मी जे ऐकलं होतं ते सांगितलं. तिनं घास ताटात ठेवला, हात धुतला आणि गोठ्याकडे निघून गेली. आतून आत्याबाईंनी विचारलं, वैशाली जेवली का? मी हो म्हणाले. दुसरं काय सांगणार?

रविवार

सकाळी वैशालीनं मला सगळं उलगडून सांगितलं. हा जिवाणू दह्यासारखा नसतो. गम करायला त्याला कष्ट पडतात. लाखो जिवाणूंत काही आळशी निघतात, ते गम करत नाहीत, नुसते वाढतात, आणि कष्ट नसल्यामुळे भराभरा वाढतात. मागच्या टाकीतलं काढून पुढच्या टाकीला विरजण लावलं की दर खेपेला आळशी वाढत जातात. म्हणून दर वेळी मूळचा जिवाणू राखून ठेवलेल्या काचेच्या नळीतून नवी सुरुवात करायची असते. लायसन, तपासण्या, मोठ्या गिऱ्हाइकांच्या भेटी यासाठी वैशालीला सारखं बाहेर जावं लागायचं, म्हणून हे काम तिनं आत्याबाईंकडे दिलं. त्यांच्याइतके स्वच्छ हात गावात नव्हते. देताना म्हणाली होती, नळ्या थोड्याच आहेत, जपून वापरा. आत्याबाईंनी इतक्या जपल्या की एकही उघडली नाही.

आम्ही फ्रिज उघडला. नळ्या होत्या, वर्षभर न उघडलेल्या. आतलं सगळं वाळून, सुरकुतून गेलेलं. वैशालीनं त्यातूनही काचेच्या बशीवर थोडं लावून पाहिलं, शेजारच्या बशीवर जुन्या विरजणातलं लावलं. नळीतलं काही उगवेल अशी तिला आशा नव्हती. मग तिनं धाराशिवला कोणालातरी फोन लावला आणि पलीकडचं बोलणं ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलला.

आत्याबाई गोठ्यात आल्या, टाकी धुतली, भांडी वाफेवर ठेवली. त्यांना कोणी काही सांगितलं नाही. त्यांनी नळ्यांचं विचारलं तेव्हा वैशाली म्हणाली, लाइट गेली होती ना बरेचदा, त्यानं खराब झाल्या. मी छताकडे बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच तोंड मिटून बसले होते आणि ते भलतंच जड जात होतं.

धाराशिव, सोमवार

पहाटेच्या एसटीनं निघालो. वैशालीची कॉलेजातली मैत्रीण नसरीन तिथल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. वैशालीनं मूळ जिवाणू आणला तेव्हा त्यातला वाटा तिला दिला होता. आपलं विरजण बिघडलं तर शेजारणीकडे असावं, तसा. नसरीननं तो कॉलेजच्या फ्रीझरमध्ये ठेवला, वर चिठ्ठी लावली, आणि कोणी हात लावला तर त्याची खैर नाही असं सगळ्यांना बजावून ठेवलं.

नसरीन म्हणजे बोलण्याची आगगाडी. वैशालीला आधी मिठी मारली, मग झापलं. "वर्षभर एक फोन नाही, आन आता विरजण संपलं तवा आठवण आली व्हय गं?" डोळ्यांत मात्र पाणी. कपाट उघडून तिनं बर्फाच्या धुरातून दोन छोट्या नळ्या काढल्या. एक आम्हाला दिली, एक परत ठेवली. दोन्ही कशाला देऊ, म्हणाली, उद्या पुन्हा बिघडलं तर कुणाच्या तोंडाकडं बघशील?

दुपारी तिनं डबा उघडला. खिचडी आणि वर खट्टा, म्हणजे चिंच आणि तिळाचं पातळ कालवण. मी भीत भीत वाटीभर घेतलं आणि तीन वाट्या प्याले. आमच्या सोलकढीची ही मराठवाड्यातली चुलत बहीण. नसरीनला मी आमसुलं पाठवायचं कबूल केलं, ती म्हणाली, पाठवाच, मी पण तुम्हाला कृती पाठवते, पण तुमच्याकडं एवढी आंबट चिंच मिळणार न्हाय.

परतताना तुळजापूरला गाडी बदलायची होती. मंगळवारच्या दर्शनाला आदल्या दिवशीच माणसं लोटली होती. बस दीड तास आली नाही आणि थर्मासमधला बर्फ वितळायला लागला. वैशाली एकदा थर्मास बघे, एकदा लांबून दिसणाऱ्या कळसाकडे. हात जोडायचे होते, पण थर्मास सोडवेना. शेवटी तो माझ्या हातात देऊन तिनं तिथूनच नमस्कार केला. मी रसवंतीवाल्याकडे बर्फ मागितला. म्हातारा होता. कोणाचं औषध आहे का, त्यानं विचारलं. आता त्याला काय समजावणार? मी हो म्हटलं. त्यानं बर्फाची लादी फोडून थर्मास गच्च भरून दिला आणि म्हणाला, बरं वाटंल पेशंटला, आई हाय. मला खोटं बोलल्याचं जरा लागलं, पण वैशाली म्हणाली, खोटं कुठं, पेशंटच आहे की आपला.

घरी पोचताच तिनं नळीतलं नवं काचेच्या बशीवर लावलं.

लोहारा, बुधवार

दोन दिवस उगवायला लागतात. बुधवारी सकाळी वैशाली बशा बघायला गेली आणि मी तिच्या मागे. आत्याबाई आधीच तिथे होत्या. समोर तिन्ही बशा ठेवून बसल्या होत्या: वाळलेल्या नळीची, जुन्या विरजणाची, आणि नसरीनकडची.

"लाइटीनं खराब झालं म्हनलीस," त्या म्हणाल्या. "मग ही कोरी बशी त्या लाइटीची. आन ही माझी. माझ्यात उगवलंय, पर येगळंच दिसतंय. माझ्यामुळं झालं व्हय?"

वैशाली जवळ आली. मग म्हणाली, "व्हय आत्या. पण चूक माझी आहे. मी तुम्हाला का ते सांगितलंच नाही."

आत्याबाईंचा आवाज चढला नाही, त्यामुळेच फार लागला. "सायबाला सांगितलंस. पुन्याच्या लोकास्नी पडद्यावर चित्रं दावून सांगितलंस. ह्या ताई परवा आल्या, त्यास्नी बी बसवून सांगितलंस. मला निस्तं म्हनलीस, जपून वापरा. म्या जपलं."

मला तर रडूच आलं. मी कामाच्या बायकांना रोज नुसतं 'एवढं घाला, तेवढं घाला' सांगते, का ते कधी सांगितलंय का? नाही. वैशाली सासूच्या शेजारी खाली बसली. पाया पडली नाही, माफीचं भाषण केलं नाही. तिनं उगवलेल्या दोन्ही बशा उजेडात धरल्या आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. नसरीनच्या बशीत पिवळे, फुगीर, तेल लावल्यासारखे चकचकीत ठिपके होते, ते गम करणारे. आत्याबाईंच्या बशीत बहुतेक ठिपके चपटे आणि निस्तेज, ते आळशी. कष्टाळू हळू वाढतो, आळशी झपाट्यानं. दर विरजणाला कोण जास्त जात असेल?

आत्याबाईंनी दोन्ही बशा शेजारी शेजारी ठेवल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी ह्ये इरजन न्हाय. म्या तोंडानं 'बी' म्हनलं, पर जपलं इरजनावानी."

"म्हणजे?"

"बी राखायचं तर रास झाल्यावर ढिगातनं पायली भरून घेत न्हाईत. उभ्या रानात हिंडून कनसं निवडायची. दांडगं कनीस, टपोरा दाना. न्हायतर दुसऱ्या साली फुसकं उगवतंय." त्यांनी वैशालीकडे पाहिलं. "येवढंच सांगायचं हुतंस की गं."

मग त्यांनी चष्मा लावला, हात पुन्हा धुतले, आणि नसरीनच्या बशीवर वाकल्या. मला सगळे ठिपके सारखेच दिसत होते. वैशालीनं दोन दाखवले. आत्याबाईंनी मान हलवली आणि काठाजवळच्या एकावर बोट धरलं, "ह्यो." वैशालीनं भिंगातून पाहिलं आणि तारेनं तोच उचलला. चाळीस वर्षं कणसं निवडलेली नजर होती ती.

येळवस, रविवार

गुरुवारी टाकी लागली. आता परतायचं म्हणून मी दोनदा बॅग भरली, पण निकाल बघितल्याशिवाय पाय निघेना. शिवाय रविवारी वेळ अमावस्या होती, इथली येळवस. माझ्या उभ्या जन्मात मी या सणाचं नाव ऐकलं नव्हतं. त्या दिवशी सगळं गाव शेतात जातं, कडब्याच्या कोपीत पूजा करतं, आणि रानातच जेवतं. सकाळी घरोघरच्या बायका डोक्यावर आंबिलीची मडकी घेऊन निघाल्या. दुकानं बंद, रस्ता ओस. शेजारणीनं हाक मारली, चला की आत्याबाई! त्यांनी सांगितलं, तुमी व्हा म्होरं. लग्न होऊन आल्यापासून त्यांची एकही येळवस चुकली नव्हती.

टाकी दुपारी उघडायची होती. आम्ही तिघी गोठ्यात. मोटरचा आवाज सकाळपासून बदललेला होता, जरा घोगरा. वैशाली म्हणाली, काही सांगता येत नाही. मी म्हटलं, मी बाहेर थांबते, माझी नजर वाईट आहे. आत्याबाई म्हणाल्या, गप बसा हितंच.

वैशालीनं नळ फिरवला. काहीच आलं नाही.

तिनं पूर्ण उघडला. तरी काही नाही. मला वाटलं, नळ तुंबला, संपलं. आणि मग नळाच्या तोंडाशी एक जाड, पिवळसर गोळा फुगून आला, लोंबला, लांबत लांबत खाली आला, आणि तुटला नाही. भांड्याच्या तळाला टेकला तरी वरचं टोक नळालाच धरून होतं.

वैशालीनं भांडं घट्ट धरलं होतं आणि ती रडत होती, मोठ्यानं, लहान पोरीसारखी. आत्याबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मी काय केलं ते सांगू का? मी टोपी काढून उड्या मारल्या. वय वर्षं छप्पन्न. आत्याबाईंनी मला टोपी परत घालायला लावली.

मग आम्ही रानात गेलो, उशिरा, तिघी स्कूटीवर, कायदा मोडून. लोकांची जेवणं होत आली होती, पण आमच्यासाठी काढून ठेवलं होतं. हिरव्या हरभऱ्याची आणि तुरीच्या दाण्यांची बेसन लावलेली भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, वांग्याचं भरीत, आणि मातीच्या भांड्यातली थंडगार आंबील. ताक, ज्वारीचं पीठ, लसूण, रात्रभर आंबवलेली. आमच्याकडे असं सगळ्या गावानं एकाच दिवशी शेतात जेवायचं म्हटलं तर शेतं चिखलात आणि डोंगरावर, माणसं बसणार कुठे? मी ज्वारीत मांडी घालून बसले आणि इतकं जेवले की उठवायला दोघी लागल्या. संध्याकाळच्या जीपनं निघताना आत्याबाईंनी माझ्या ओटीत हरभऱ्याचा टहाळा घातला.

चिपळूण

महिन्याभरानं पाकीट आलं. आत प्रयोगशाळेचा अहवाल होता, गम खाण्यायोग्य आहे असा. खाली वैशालीची नेहमीची छापील चिठ्ठी, टाकी कधी लावली, कधी उघडली. पण आता त्यात एक नवी ओळ होती, 'बी निवडणाऱ्याचं नाव', आणि तिच्यापुढे पेन्सिलीनं, एकेक अक्षर सुटं सुटं लिहिलेलं: चंद्रकला. दहा दिवस त्या घरात राहिले, आत्याबाईंच्या हातचं जेवले, आणि त्यांचं नाव मला चिठ्ठीवर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांदळाचा पाव लावला. या वेळी कामाच्या बायकांना समोर बसवून सांगितलं, हा गम काय करतो, कसा होतो, चिमूटभरच का. त्यांनी इतके प्रश्न विचारले की भट्टीला उशीर झाला. पाव बाहेर काढला, जाळीवर ठेवला, आणि आम्ही सगळ्या त्याच्याकडे बघत उभ्या राहिलो. गार होईपर्यंत.

मग मी फोन लावला. वैशालीनं घेतला नाही, आत्याबाईंनी घेतला. मागे मोटरचा आवाज येत होता.

"उभा ऱ्हायला का पाव?" त्यांनी नमस्कार वगैरे काही न करता विचारलं.

"राहिला," मी म्हटलं.

त्यांनी तिकडे वळून मोठ्यानं सांगितलं, "वैशाली, ऱ्हायला गं!"

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "ठिवते आता. हात धुवायचं हायत, बशीतलं बी निवडायचंय."